उपाशी पेंग्विनचा जमाखर्च

मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडचा हिवाळा तोंडावर आला की, एम्परर पेंग्विन समुद्र सोडतात आणि बर्फावरून चालत विणीच्या जागी येतात. त्या दिवसापासून नराच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. जोडी जमते, मादी एकच अंडे घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि स्वतः खायला समुद्राकडे निघून जाते. पुढचे साधारण ६४ दिवस नर ते अंडे पावलांवर तोलून, पोटाच्या कातडीच्या घडीखाली उबवत उभा असतो. तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरते, वर बोचरा वारा. मादी परतते तोवर नराचा उपास ११०-११५ दिवसांचा झालेला असतो. येताना त्याचे वजन ३८ किलोच्या आसपास असते, जाताना २३-२४ किलो उरते. आपल्याकडे एकादशीची खिचडी तासभर उशिरा झाली तरी घरात आवाज चढतात, ते सोडा.

या गोष्टीवर चित्रपट निघाले, बापाच्या त्यागावर भरपूर लिहून झाले. माझ्यासारख्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या डॉक्टरला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. हे जे १५ किलो गेले, ते कशाचे गेले? क्षयरोगाचा, कर्करोगाचा किंवा जुनाट जुलाबाचा रुग्ण हडकून आमच्यासमोर येतो तेव्हाही आम्ही मनात हाच हिशेब मांडत असतो. चरबी गेली असेल तर एक गोष्ट. स्नायू गेले असतील तर सगळेच वेगळे.

शरीराकडे उपासासाठी तीन कोठारे असतात. पहिले ग्लायकोजेनचे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास साठवलेली ही साखर. ती कोरडी राहत नाही, स्वतःच्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून बसते. दुसरे कोठार प्रथिनांचे. ते खरे तर कोठार नव्हेच, कारण शरीरातले प्रत्येक प्रथिन कामाला लागलेले असते, कुणी स्नायूत, कुणी आतड्यात, कुणी हृदयात. तेही तीन-चार पट पाण्यात भिजलेले. तिसरे चरबीचे. चरबी जवळजवळ कोरडी. ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, आणि जळताना ग्रॅमभर चरबीतून ग्रॅमभर पाणीही तयार होते. भिजलेल्या स्नायूच्या एका ग्रॅमातून जेमतेम एक किलोकॅलरी सुटते. तेव्हा प्रवासाला किंवा दुष्काळाला काय बांधून न्यावे, हे ठरवायला फार बुद्धी लागत नाही.

(डाएट सुरू केल्यावर पहिल्या चार दिवसांत दोन किलो उतरले म्हणून आनंदाने फोन करणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. ते बहुतांश ग्लायकोजेन आणि त्याचे पाणी होते.)

पेंग्विनच्या जमाखर्चाची वही उघडली ती फ्रेंच शास्त्रज्ञांनी. अंटार्क्टिकावरच्या अदेली लँड भागात त्यांचे ड्यूमाँ द्यूर्व्हिल हे संशोधन केंद्र आहे आणि पेंग्विनची वसाहत त्याच्या अगदी शेजारी. इव्हॉन ल माओ, रेने ग्रोस्कोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून उपाशी पेंग्विनची वजने घेतली, रक्त तपासले. त्यातून उपासाचे तीन टप्पे पुढे आले. पहिला टप्पा काही दिवसांचा. साखरेचे कोठार रिकामे होते, वजन भराभर उतरते आणि शरीर आपला गिअर बदलते. दुसरा टप्पा लांबलचक, महिनोन्महिने चालणारा. यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९६ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चरबीतून येते, प्रथिनांतून जेमतेम चार टक्के. वजन संथ, ठरावीक गतीने उतरत राहते.

चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण १०० किलोकॅलरीचा हिशेब करून पाहा. ९६ किलोकॅलरीसाठी साधारण ११ ग्रॅम चरबी पुरते. उरलेल्या चारसाठी एक ग्रॅम प्रथिन, म्हणजे पाण्यासकट चार ग्रॅम स्नायू. ऊर्जेत चार टक्के, पण वजनात जवळपास पाव हिस्सा. इतक्या काटकसरीनेही थोडा स्नायू द्यावाच लागतो.

का द्यावा लागतो? कारण चरबीपासून साखर बनवण्याची सोय प्राण्यांच्या शरीरात जवळजवळ नाही. चरबीचा रेणू म्हणजे तीन मेदाम्ले आणि त्यांना बांधणारा ग्लिसरॉलचा छोटा कणा. त्या कण्यापासून थोडी साखर बनते, मेदाम्लांपासून नाही. मेंदूला आणि तांबड्या पेशींना तर साखर हवी. मग ती प्रथिने मोडून बनवावी लागते.

इथे पक्ष्यांचा एक विक्षिप्तपणा सांगितलाच पाहिजे. धडधाकट पक्ष्याच्या रक्तात साखर २०० ते ३५० मिलिग्रॅम असते. असा आकडा घेऊन कुणी ओपीडीत आला तर आम्ही त्याला त्याच दिवशी औषध सुरू करू. पेंग्विनमध्ये ती महिनोन्महिन्यांच्या उपासातही फारशी ढळत नाही. इन्शुलिनचे पक्षी फारसे ऐकत नाहीत. त्यांच्या शरीरात राज्य चालते ग्लुकॅगॉनचे. माणसात चरबीच्या पेशींचे कुलूप उघडण्यात मोठा वाटा अ‍ॅड्रेनॅलिनच्या कुळातल्या रसायनांचा आणि इन्शुलिन खाली येण्याचा असतो. पक्ष्यांत ते काम मुख्यतः ग्लुकॅगॉन करते. कुलूप उघडले की मेदाम्ले रक्तात उतरतात, पण सगळी एकाच वेळी नाही. साखळी जितकी आखूड आणि असंपृक्त, तितके ते मेदाम्ल आधी बाहेर पडते. लांब साखळीची मागे रेंगाळतात. म्हणून उपासाच्या शेवटी उरलेली चरबी सुरुवातीच्या चरबीसारखी नसते.

हाच प्रश्न माणसात सोडवला अमेरिकेतल्या जॉर्ज केहिल यांनी. १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिस्थूल स्वयंसेवकांना रुग्णालयात, देखरेखीखाली, पाच ते सहा आठवडे उपाशी ठेवले आणि मेंदूत जाणारे व मेंदूतून येणारे रक्त तपासले. आढळले असे की काही आठवड्यांनी मेंदू आपली दोनतृतीयांशापर्यंत गरज केटोनवर भागवू लागतो. केटोन म्हणजे यकृताने मेदाम्लांपासून बनवलेले, रक्तात सहज विरघळणारे इंधन. मेंदूची साखरेची मागणी घटली, की स्नायू मोडण्याचीही गरज घटते. उपासाच्या पहिल्या दिवसांत रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन जळते, पुढे ते २० ग्रॅमवर येते. पेंग्विनचा दुसरा टप्पा तो हाच, फक्त पेंग्विनला तो आपल्याहून फार चांगला जमतो.

मग तिसरा टप्पा येतो. वजन एका मर्यादेखाली, एम्परर नरात साधारण २३-२४ किलोच्या खाली उतरले, की सारे बदलते. प्रथिनांची मोडतोड एकदम वाढते. पक्षी प्रथिनांचा कचरा युरियाऐवजी युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, त्यामुळे रक्तातले युरिक आम्ल चढू लागते. कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचे संप्रेरक वाढते. आणि महिनोन्महिने पुतळ्यासारखा उभा असलेला पक्षी चुळबुळू लागतो, फिरू लागतो. अखेर अंडे सोडून समुद्राची वाट धरतो.

वाचकांना वाटेल, चरबी संपली म्हणून निघाला. नाही. या क्षणी सुरुवातीच्या चरबीचा जवळजवळ पाचवा हिस्सा शिल्लक असतो. तो शिल्लक ठेवलेला असतो वाटेसाठी. समुद्र कधी कधी शंभर किलोमीटरवर असतो आणि तिथे पोहोचल्यावर लगेच मासे हातात पडत नाहीत. टाकी पूर्ण कोरडी पडायच्या आधी रिझर्व्हवर गाडी आणावी, तसे. फ्रेंच मंडळी याला पुन्हा खायला जाण्याचा इशारा म्हणतात. मादी वेळेवर आली तर इशारा वाजण्याआधीच नराची सुटका होते. पिल्लू अंड्यातून बाहेर आले आणि मादीचा पत्ता नसेल, तर हा तीन-चार महिन्यांचा उपाशी नर अन्ननलिकेतून दुधासारखा पौष्टिक स्राव काढून पिल्लाला काही दिवस जगवतो. पण इशारा वाजला की पिल्लूही मागे राहते. समुद्राचा बर्फ भलत्या वेळी फुटू लागला की हे वेळापत्रक किती नाजूक आहे ते कळते. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत बर्फ लवकर फुटल्याने पिल्ले वाचली नाहीत.

माणसाकडे असा इशारा आहे का? अंशतः. ७० किलोच्या, सडपातळ म्हणता येईल अशा पुरुषाच्या अंगावर १२ ते १५ किलो चरबी असते. म्हणजे एक लाखाहून अधिक किलोकॅलरी. पडून राहिलेल्या माणसाचा रोजचा खर्च १५००-१८०० धरला तर दोन महिने, थोडे पुढे. इतिहासात हा हिशेब फार क्रूरपणे पडताळला गेला आहे. १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात उपोषण करणारे दहाजण ४६ ते ७३ दिवसांत गेले. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये ६३ व्या दिवशी गेले. त्यांच्या बाबतीत सक्तीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात झालेली इजाही होती. दोन महिन्यांचा हा आकडा आधीच कृश असलेल्या माणसाला लागू नाही. चरबी जितकी कमी, तितका प्रथिनांचा वाटा पहिल्या दिवसापासून जास्त. लठ्ठ माणूस उपासात स्नायू वाचवतो, बारीक माणूस स्नायू खातो. आणि तापाने फणफणलेला किंवा सेप्सिस झालेला रुग्ण तर दुसऱ्या टप्प्यात पोहोचतच नाही. दाहामुळे शरीर थेट स्नायू मोडत सुटते, अंगावर चरबी असली तरी. ‘आहे की अंगावर, दोन दिवस नाही खाल्ले तर काय होते’ असे अतिदक्षता विभागाबाहेर उभे असलेले नातेवाईक म्हणतात. होते. श्वास घेणारे स्नायूही त्याच प्रथिनांचे असतात.

आता थोडे मधुमेही वाचकांसाठी. श्रावण असो, नवरात्राचे नऊ दिवस असोत की रमजानचे रोजे, आमच्या ओपीडीत त्या-त्या महिन्यात ठरावीक प्रकारचे रुग्ण येतात. केटोन स्वतः विष नव्हेत, वर पाहिलेच. निरोगी माणसात थोडेसे इन्शुलिन सतत पाझरत असते आणि ते केटोनच्या कारखान्याला लगाम घालते. इन्शुलिनवर असलेल्या टाइप-१ च्या रुग्णाने ‘आज खाल्लेच नाही तर सुई कशाला’ म्हणून सुई पूर्ण बंद केली, तर लगामच सुटतो आणि रक्त आम्लयुक्त होते. दुसरा गट ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा. या गोळ्या पोट रिकामे असतानाही इन्शुलिन सोडायला लावतात आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तिसरा गट नव्या औषधांचा, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. औषधे चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा फायदा होतो. पण ती घेत असताना लांब उपास, कर्बोदके जवळजवळ बंद करणारा कीटो आहार किंवा उलट्या-जुलाब झाले, तर साखर फारशी चढलेली नसतानाही केटोन घातक पातळीवर जाऊ शकतात. मळमळ, पोटात दुखणे, धाप लागणे आणि ग्लुकोमीटरवर १८० चा आकडा, म्हणून घरचे निर्धास्त. अशा वेळी केटोनची तपासणी करून घ्या. आणि उपासाच्या आधी, आठवडाभर तरी आधी, डॉक्टरांना विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका.

पुन्हा पक्ष्यांकडे येऊ. पेंग्विन उभ्या-उभ्या चरबी जाळतो. स्थलांतर करणारे पक्षी तीच चरबी पूर्ण वेगात पळताना जाळतात, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते जास्त थक्क करणारे आहे. माणूस रमतगमत चालताना बऱ्यापैकी चरबी वापरतो, पण वेग वाढवला की स्नायू साखरेकडे वळतात. कारण चरबी पाण्यात विरघळत नाही. ती रक्तातून वाहून न्यायला, स्नायूच्या पेशीत शिरायला आणि आत भट्टीपर्यंत पोहोचायला हमाल लागतात, आणि हे हमाल आपल्याकडे कमी आहेत. पक्षी उडताना त्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या कमाल क्षमतेच्या साधारण दुप्पट ऊर्जा वापरतात आणि लांबच्या उड्डाणात त्यातली ९० टक्क्यांहून अधिक चरबीतून काढतात. त्यांच्या छातीच्या स्नायूंत मेदाम्ले वाहणारी प्रथिने प्रचंड प्रमाणात असतात आणि स्थलांतराचा हंगाम आला की ती आणखी वाढतात.

बार-टेल्ड गॉडविट हा चिखलात चोच खुपसून खाणारा पक्षी अलास्काहून निघतो आणि प्रशांत महासागरावरून कुठेही न उतरता न्यूझीलंड गाठतो. २००७ मध्ये उपग्रह-यंत्र लावलेल्या एका मादीने साडेअकरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आठ दिवसांत कापले. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, न थांबता पार केले. निघताना या पक्ष्यांच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक चरबी असते, ५५ टक्के. हा आकडा मिळाला तो अलास्कात एका रडारच्या घुमटावर आदळून मेलेल्या तरुण गॉडविटांच्या शवविच्छेदनातून. त्याच विच्छेदनात दिसले की त्यांचे जठर, यकृत, मूत्रपिंडे आणि आतडी आश्चर्यकारक लहान होती. उड्डाणात उपयोग नसलेले सामान पक्ष्याने निघण्याआधीच कमी केले होते.

आमच्याकडे मेदयुक्त यकृताचे सोनोग्राफी रिपोर्ट रोज येतात. पक्ष्यांत नवी चरबी मुख्यतः यकृतातच बनते, हंगामात कित्येक पक्ष्यांचे यकृत चरबीने भरते आणि ते पक्षी आजारी पडत नाहीत. बनलेला माल पुढे रवाना होतो आणि काही दिवसांत जाळला जातो. आपला माल गोदामात वर्षानुवर्षे पडून राहतो, इतकाच फरक. पण तो पुरेसा आहे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर फंडीच्या आखातात सेमिपामेटेड सँडपायपर हा वीस ग्रॅमचा पक्षी दोन-तीन आठवड्यांत वजन दुप्पट करतो. तिथल्या चिखलात ओमेगा-३ ने भरलेले कोळंबीवर्गीय बारीक जीव असतात, ते खाऊन. ओटावाच्या संशोधकांचे म्हणणे असे की ही ओमेगा-३ केवळ इंधन नाही, ती स्नायूंची चरबी जाळण्याची ताकदही वाढवते. त्यांनी फारसे न उडणाऱ्या लावा पक्ष्यांना व्यायामाशिवाय नुसते ओमेगा-३ दिले, तर त्यांच्या स्नायूंतली चरबी जाळणारी विकरे वाढली. माणसात असे होते म्हणून कॅप्सूल विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, मी लाव्यांबद्दल बोलतो आहे.

आपल्या आकाशातलेही उदाहरण आहे. अमूर ससाणा नागालँडमध्ये वाळवी खाऊन लठ्ठ होतो आणि नोव्हेंबरात मध्य भारत, महाराष्ट्र ओलांडून थेट अरबी समुद्रावर निघतो, आफ्रिकेकडे. २०१३ मध्ये उपग्रह-यंत्र लावलेल्या ससाण्यांचा हा मार्ग नकाशावर दिसला. वजन दोनशे ग्रॅमच्या आत.

या चरबीत आणखी एक गोष्ट साठते, ती म्हणजे कीटकनाशके. डीडीटी चरबीत विरघळते आणि चरबीत असते तोवर फारसा त्रास देत नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काउबर्ड पक्ष्यांना डीडीटी खाऊ घातले आणि काही काळाने त्यांचे अन्न कमी केले. चरबी जळू लागली, विष मेंदूत पोहोचले आणि पक्षी मेले. तेवढेच डीडीटी खाल्लेले पण पोटभर जेवणारे जगले.

लांबच्या उड्डाणात पक्षी थोडी प्रथिनेही जाळतो. ऑस्ट्रेलियाहून चीनला जाणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांत निघताना आणि पोहोचल्यावर केलेल्या मोजणीत मेंदू आणि फुप्फुसे सोडून जवळजवळ सारे अवयव आक्रसलेले सापडले. त्यामुळे पोहोचल्यावर समोर चिखल कितीही भरलेला असो, पक्ष्याला लगेच हवे तेवढे खाता येत नाही. पहिले काही दिवस वजन फारसे वाढत नाही. आधी आतडे पुन्हा बांधावे लागते.

आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मूल दाखल होते तेव्हा नेमके हेच समोर असते. आतडे पातळ झालेले, हृदय अशक्त, पेशींतले फॉस्फेट आणि पोटॅशियम संपत आलेले. अशा मुलाला एकदम भरपूर खायला दिले तर इन्शुलिन उसळते, रक्तात उरलेले फॉस्फेट पेशींत खेचले जाते आणि हृदयाची लय बिघडून मूल दगावू शकते. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवू घातल्यावर काहीजण असेच गेले होते. तेव्हापासून डॉक्टर या प्रकाराला घाबरून आहेत. म्हणून सुरुवातीला एफ-७५ हे कमी प्रथिनांचे, बेताच्या ऊर्जेचे दूध, थोडे-थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आई विचारते, लेकरू उपाशी आहे आणि तुम्ही वाटीभरच देता? आजी पिशवीतून वरणभाताचा डबा काढते. आमच्या सिस्टर तो डबा प्रेमाने बाजूला ठेवतात. दोन ते सात दिवसांत सूज असेल तर ती उतरू लागते, मूल वाटी स्वतःकडे ओढू लागते, संपली की रडते. त्या दिवशी दूध बदलते, एफ-१०० सुरू होते. आजीच्या डब्याची पाळी त्यानंतर.